मत विचारणारी बाई

आखातात आल्यावर अल क्वोजमधल्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी फोन घ्यायला लागले, तेव्हा माझं इंग्रजी फक्त कागदावरचं होतं. रत्नागिरीजवळ खाडीकाठी आमचं गाव. तिथून रोज एसटीने तालुक्याला जाऊन मी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. स्पेलिंग चुकत नव्हतं, व्याकरण पक्कं होतं. पण फोनवर एखादा इंग्रज माणूस बोलायला लागला की माझी सगळी शाळा पाण्यात जायची.

घरातल्या मशिनी दुरुस्त करणं हे आमचं काम. वॉशिंग मशिन, फ्रिज, ओव्हन, एसी. मागे पत्र्याचं वर्कशॉप, पुढे काचेची केबिन, केबिनमध्ये मी, दोन फोन आणि जॉब कार्डांचा गठ्ठा. कस्टमरने तक्रार सांगायची, मी ती एका ओळीत कार्डावर टाईप करायची, मेकॅनिक ते कार्ड घेऊन व्हॅनमधून निघायचा.

पहिल्याच आठवड्यात मुदीरने मला आत बोलावलं. मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर, बैरूतकडचा भला माणूस. त्याच्या टेबलावर माझी चार कार्डं पसरलेली होती. एकावर लिहिलं होतं, ‘कस्टमरला वॉशिंग मशिनची भीती वाटते.’ दुसऱ्यावर, ‘कस्टमरला फ्रिजची भीती वाटते.’ तिसऱ्यावर ओव्हनची.

“सिस्टर, जुमैरातल्या सगळ्या बायका अचानक घाबरायला का लागल्या?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “त्याच म्हणाल्या सर. प्रत्येकजणी सुरुवातीलाच म्हणते, आय ॲम अफ्रेड.”

तो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. मग शांतपणे समजावलं त्याने, की ही इंग्रजांची बोलायची रीत आहे. मशिन आपली बिघडते आणि तरी माफी तेच मागतात. तुला त्रास देते म्हणून माफ कर, कामाच्या वेळी फोन केला म्हणून माफ कर. “ते माफी मागतात तेव्हा समज, ते रागावलेत,” तो म्हणाला. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

त्या वहीच्या मागच्या पानांवर मग बरंच काही साठत गेलं. कारण इंग्रज कस्टमर नुसती तक्रार सांगत नसत, मत सांगत. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या दुधाचा चहा करणं हा गुन्हा आहे. पूर्वीची मशिनं वीस वर्षं चालत, आताची गॅरंटी संपायची वाट बघतात. ज्या मशिनला बटणं जास्त ती लवकर मरते. आमच्या लोकांचे फोन यायचे तेव्हा दोन वाक्यांत काम व्हायचं, “फ्रिज थंडा नहीं करता, आदमी भेजो, यल्ला, जल्दी.” इंग्रजांना मात्र आधी मशिनबद्दल बोलायचं असे, मग एकूण मशिनींबद्दल, मग एकूण जगाबद्दल.

जुमैरातल्या एका बाईंचा पहिला फोन असाच आला. मी त्यांना शेवटपर्यंत मॅडम म्हटलं, पण मनात त्या माझ्यासाठी बाईच होत्या.

“तुला त्रास देते म्हणून माफ कर,” त्या म्हणाल्या. आवाज वयस्क, पण ताठ. “माझ्या नवऱ्याने तुमच्याकडून भांडी धुण्याचं मशिन घेतलंय. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून.”

मी अभिनंदन केलं.

“अभिनंदन नको. तुमच्या माणसाने इथे यावं, स्वयंपाकघर बघावं आणि हे मशिन इथे बसणार नाही असं माझ्या नवऱ्याला सांगावं. एवढंच माझं काम आहे.”

“पण मॅडम, बसत असेल तर?”

“म्हणून तर फोन केला.”

मी कार्डावर काय लिहू मला कळेना. शेवटी ‘कस्टमरला चर्चा करायची आहे’ असं लिहिलं आणि आमच्या सगळ्यांत जुन्या मेकॅनिकच्या हातात दिलं. तो केरळचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. संध्याकाळी परत येऊन म्हणाला, “चर्चा नहीं हुआ सिस्टर. साहब ने दरवाजा खोला, मैंने फिट कर दिया.”

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. “तुमचा माणूस फारच हुशार निघाला,” त्या म्हणाल्या. “दुर्दैवाने.”

मी हसले. कस्टमरशी फोनवर हसायची माझी ती पहिली वेळ. तिकडे बाईही हसल्या.

बाईंनी ते मशिन एकदाही चालवलं नाही. त्यात त्या केकची भांडी आणि सणावारी लागणाऱ्या मोठ्या थाळ्या ठेवायला लागल्या. “कपाट म्हणून उत्तम आहे,” त्या म्हणायच्या. दर दोनतीन महिन्यांनी त्यांचा फोन यायचा. कधी वॉशिंग मशिनचं दार, कधी फ्रिजचा रबर. काम एका मिनिटात सांगून व्हायचं आणि मग मतं सुरू. कपडे वाळवायचं मशिन विकत घेणाऱ्या इथल्या बायकांबद्दल त्यांचं मत असं होतं, की बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन फुकट पडलेलं असताना पैसे देऊन वारा विकत घेणाऱ्यांना डॉक्टरला दाखवावं. मी म्हटलं, आमच्या गावात पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून वाळवतो, सगळ्यांना धुराचा वास येतो. त्या लगेच म्हणाल्या, “इंग्लंडमध्ये माझी आईही तसंच करायची. शाळेत आम्हा सगळ्यांना धुराचा वास यायचा.”

कधीकधी बाईंचे साहेब फोन हिसकावून घ्यायचे. ते बंदरांची बांधकामं करणारे इंजिनियर, निवृत्तीचं वय होऊन गेलं तरी सल्लागार म्हणून कामावर जायचे. त्यांना प्रत्येक नवीन वस्तू हवी असायची. “तिचं ऐकू नकोस,” ते मला सांगायचे. “तिच्या हातात असतं तर आम्ही अजून गुहेत राहिलो असतो.” मागून बाईंचा आवाज, “गुहा थंड तरी असते!”

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगायचे. तो रास अल खोरच्या एका हार्डवेअरच्या गोदामात स्टोअरकीपर. सातवा नावाच्या वस्तीतल्या जुन्या व्हिलाच्या एका खोलीत आम्ही राहायचो, बाकीच्या खोल्यांत आणखी तीन कुटुंबं. आठ वाजता तो घरी यायचा, जेवायचा, बातम्या बघायचा आणि झोपायचा. बाईंच्या गोष्टींवर तो एवढंच म्हणायचा, “बसून खायला मिळतं ना, मग माणसाला मतं सुचतात.” मला ते पटायचंही आणि पटायचंही नाही.

मग त्यांच्या घरी कॉम्प्युटर आला, आणि इंटरनेट आलं. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्याच वायरीतून यायचं. कुणी ते लावलं की घरचा फोन एंगेज. एके दिवशी बाईंनी कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतून फोन केला.

“माझा टेलिफोन दुरुस्त करायला माणूस पाठव. दोन दिवस तो संध्याकाळी मरतो.”

“मॅडम, टेलिफोन आम्ही करत नाही. साहेब इंटरनेटवर बसलेत का?”

“बसलेत. रोज बसतात. इंग्लंडमधल्या अनोळखी लोकांना स्वतःची मतं सांगतात.”

“कसली मतं?”

“सगळ्याची. काल किटलीवर भांडत होते. पाण्याच्या किटलीवर! चाळीस वर्षं मी यांची मतं ऐकली, ती पुरली नाहीत बघ.”

त्यांना राग आला होता, पण मला त्यात दुसरंही काही ऐकू आलं. म्हटलं, मॅडम, तुम्हीही बघा ना काय लिहितात ते. त्या म्हणाल्या, “ज्या पत्रात अक्षर दिसत नाही, ते मी वाचत नाही.” आणि मग जरा हळू आवाजात, “आणि माझे डोळेही पूर्वीसारखे राहिले नाहीत.”

पुढच्या वर्षी उन्हाळा संपता संपता त्यांचा फोन आला. मी नेहमीसारखं म्हटलं, गुड मॉर्निंग मॅडम, आज कोण बिघडलं?

त्या म्हणाल्या, “भांडी धुण्याच्या मशिनचं कॉन्ट्रॅक्ट बंद कर. ते त्यांच्या नावावर होतं. ते गेले.”

मला क्षणभर कळलंच नाही. गेले म्हणजे कुठे गेले. मग कळलं. तोंडातून ‘इन्ना लिल्लाही’ हे आमच्यातलं मयताच्या वेळचं वचन गेलं, आणि त्यानंतर इंग्रजीतलं काय बोलायचं ते आठवेना. बाईंनी दोनच वाक्यांत सांगितलं. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली, हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा संपलं होतं. पाच दिवस झाले. मूलबाळ नव्हतं. इंग्लंडहून बाईंची बहीण आली होती, ती काल परत गेली.

त्या शुक्रवारी नवरा जुम्म्याच्या नमाजाला गेला आणि मी डबा भरला. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण नेऊन देतात. इंग्रजांत काय रीत असते मला ठाऊक नव्हतं. सुरमईचं फिकं कालवण केलं, मऊ भात केला, जॉब कार्डावरचा पत्ता एका चिठ्ठीवर उतरवून आणला होता तो घेतला, आणि सातव्यातून रस्ता ओलांडून जुमैरात चालत गेले. पाच वर्षं फोनवर बोललो होतो, एकमेकींना पाहिलं नव्हतं.

दार उघडलं ती बाई उंच, हाडकुळी, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. मी नाव सांगायच्या आधी नुसतं “गुड आफ्टरनून मॅडम” म्हटलं, आणि त्यांनी माझा हात धरला.

“तू,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं तू पन्नाशीची असशील. तुझा आवाज फार जबाबदार आहे.”

त्या माझ्याकडे न बघता माझ्या कानाकडे बघत होत्या. नंतर त्यांनी सांगितलं, डोळ्यांच्या बरोबर मध्यावर डाग वाढत चाललाय, कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं.

डबा त्यांनी तिथेच, ओट्याजवळ उभ्यानेच उघडला आणि चमच्याने भात खाल्ला. मग जेवतच राहिल्या. आठवडाभर टोस्टवर होत्या, म्हणाल्या. जेवण झाल्यावर त्या मला एका छोट्या खोलीत घेऊन गेल्या. टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यावर धुतलेला, इस्त्री केलेला टॉवेल टाकलेला.

“तुला हे चालवता येतं?”

“ऑफिसचं येतं मॅडम.”

“ते रोज संध्याकाळी दोन तास इथे बसायचे. दार लोटलेलं असायचं. मी रागाने कधी विचारलं नाही. आता मला कळायला हवंय ते इथे काय बोलायचे.”

पुढचे तीन शुक्रवार मी नुसती धडपडत होते. इंटरनेट मी आयुष्यात लावलं नव्हतं. माझ्या मुलीच्या शाळेत कॉम्प्युटरचा तास असायचा, आठ वर्षांची होती ती. तिला घरी कागदावर चित्र काढून विचारलं. तिने इंग्रजीत उत्तर दिलं, “मम्मा, जस्ट क्लिक ऑन द लिटल टेलिफोन.” तेवढं केलं, आणि किरकिर करत ते जोडलं गेलं. साहेब जिथे लिहायचे ती जागा त्यांनी आधीच साठवून ठेवली होती, पासवर्डही मशिनच्या लक्षात होता. इंग्लंडमधल्या साध्यासुध्या लोकांचं ते गप्पांचं पान होतं. खऱ्या नावाने कुणी नव्हतं. साहेबांनी एका पाणपक्ष्याचं नाव घेतलं होतं.

मी वाचायला सुरुवात केली. बाई शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या. पहिलंच भांडण किटलीचं निघालं. चहाला लागेल तेवढंच पाणी उकळावं की किटली भरून, यावर सव्वीस माणसं दोन आठवडे भांडत होती. साहेबांचं मत, तेवढंच.

“खोटारडा!” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “आयुष्यभर भरून ठेवायचा!”

मग हे सुरूच झालं. शुक्रवारी नमाजाच्या वेळी मी जायची, दोन तास वाचायची. टीव्हीला दोनशे चॅनल झाले आणि बघण्यासारखं काही नाही. बसमध्ये मोबाईलवर मोठ्याने बोलणाऱ्यांना उतरवावं का. पौंड सोडून युरो घ्यावा का. रेल्वे वेळेवर का येत नाही. मला वाटायचं इंग्लंडमध्ये सगळं वेळेवर येतं. वाचताना माझे उच्चार चुकायचे, बाई सुधारायच्या. साहेबांच्या प्रत्येक मताला त्या उत्तर द्यायच्या, जणू ते पलीकडच्या खोलीत आहेत. “चूक.” “हे मी सांगितलेलं, स्वतःचं म्हणून लिहिलंय.” “हे मात्र बरोबर आहे, पण त्यांना सांगू नकोस.” ते वाक्य बोलून त्या एकदम थांबल्या. मी पुढचं वाचत राहिले. थांबले असते तर दोघी रडलो असतो.

एका लांबलचक चर्चेत कुणीतरी विचारलं होतं, कुणाच्या घरी माणूस गेलं तर सांत्वनाचं पत्र ई-मेलने पाठवलेलं चालेल का? साहेबांनी ठासून लिहिलं होतं, मुळीच नाही, ते हातानेच लिहावं, शाईने. बाईंना हे फार आवडलं. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “या लोकांना माहीत नाही ना, ते गेले ते? त्यांना वाटत असेल रागावून बोलेनासे झालेत. कळवायला हवं.”

त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं. ‘मी त्यांची पत्नी. माझे पती सप्टेंबरमध्ये वारले. तुमच्याशी भांडताना ते सुखात असत, त्याबद्दल आभार.’

पुढच्या शुक्रवारी उघडलं तर चाळीसच्या वर निरोप आले होते. मी एकेक वाचत गेले. किटलीवरून भांडणारा माणूसही होता त्यात. बाई आधी म्हणाल्या, “बघ, सगळ्यांनी त्यांचा नियम मोडला, एकानेही शाई वापरली नाही.” पण त्यांच्या मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट गुंतले होते.

एका बाईने लिहिलं होतं, त्यांनी भांडी धुण्याच्या मशिनबद्दल लिहिलेलं आम्ही कधी विसरणार नाही. तुम्ही ते वाचलं असेलच.

आम्ही वाचलं नव्हतं. मागे जात जात मी ते शोधलं, दीड वर्षापूर्वीचं. विषय होता, घरात भांडी धुण्याचं मशिन हवं का? साहेबांनी सुरुवातीला त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने हवंच म्हणून ठणकावलं होतं. पाणी कमी लागतं, भांडी स्वच्छ निघतात. एका माणसाने टोमणा मारला, तुमच्याकडे आहे वाटतं? त्यावर साहेबांनी उत्तर दिलं होतं. ते मला जवळजवळ पाठ आहे, मराठीत असं होईल:

‘आहे. माझी बायको त्यात थाळ्या ठेवते. मी रोज कुरकुर करतो, आणि रोज रात्रीच्या जेवणानंतर ती भांडी धुते आणि मी पुसतो. आम्हाला मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी आम्ही त्याबद्दल बोललो ते भांडी धुतानाच. तिचे वडील गेले तेव्हाही. सिंकपाशी उभं राहिलं की दोघांची तोंडं भिंतीकडे असतात, हात कामात असतात, मग बोलता येतं. मशिन चालू केलं असतं तर माझी बायको मला अर्धीच कळली असती. तेव्हा माझं मत असं, मशिन जरूर घ्यावं. फक्त त्याचा खटका दाबू नये.’

बाहेर कुणाच्या तरी बागेतला पाण्याचा फवारा चालू होता, त्याचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, “त्यांनी एकही भांडं धड कोरडं पुसलं नाही कधी. सगळ्या कपांत खाली पाणी.”

आणि मग त्या रडल्या. मी जवळ जाऊन त्यांचं डोकं माझ्या पोटाशी धरलं. आमच्याकडे असंच धरतात. इंग्रजांना चालतं की नाही हा विचार मला नंतर घरी जाताना आला.

त्या रात्री मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकत होता, टीव्हीचा आवाजही त्याने कमी केला. मग म्हणाला, “म्हणजे आता मला भांडी पुसायला लावणार तू?”

मी म्हटलं, मी काही म्हटलंय का?

दुसऱ्या दिवशी तो खरंच टॉवेल घेऊन मोरीजवळ उभा राहिला. दुसऱ्याच मिनिटाला एक ग्लास फोडला. शेजारच्या खोलीतली भाभी धावत बघायला आली. आम्ही दोघं खूप हसलो, आणि मग एरवी आमच्यात चार महिन्यांत होत नाही एवढं बोलणं झालं.

त्या हिवाळ्यात त्या पानावरच्या गप्पांचा रंग बदलला. किटली मागे पडली. इराकवर हल्ला करावा की नाही, यावर सगळे तुटून पडले. इथेही वातावरण बदललं होतं. सेंटरमध्ये इंग्रज बायकांचे फोन यायचे ते फ्रीझरसाठी, महिन्याचं सामान भरून ठेवायचंय, फ्रीझर नीट आहे ना बघून जा. काही घरं इंग्लंडला परतलीही. बाईंचं मत ठाम होतं, हे युद्ध चुकीचं आहे. त्यांनी माझ्याकडून तसं लिहून घेतलं. त्यावर कुणीतरी खवचटपणे लिहिलं, तुम्ही तिकडे उन्हात आरामात बसलाय, तुम्हाला काय कळणार.

बाई ताठ बसल्या. “लिही. मी तुमच्यापेक्षा त्या जागेच्या हजारभर मैल जवळ बसले आहे.” मी लिहिलं. मग त्या माझ्या कानाकडे वळल्या.

“तुझं काय मत?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “माझं?”

“तुझं. इतके महिने माझी मतं लिहितेस, त्यांची वाचतेस. तुला काय वाटतं?”

मला तोपर्यंत असं कुणी विचारलं नव्हतं. घरी स्वयंपाकाला काय करू हे मीच विचारायची. ऑफिसात मशिनला काय झालंय ते विचारलं जायचं. जगात काय चाललंय त्याबद्दल मला काही वाटत असेल हे माझ्याही कधी मनात आलं नव्हतं. बाई थांबून राहिल्या. इंग्रज माणसं शांतता लगेच भरून काढतात असा माझा अनुभव, पण त्यांनी काढली नाही.

मी म्हटलं, “मॅडम, पहिल्या युद्धाच्या वेळी माझा भाऊ कुवेतमध्ये होता. सुताराचं काम करायचा. दीड महिना त्याची काही खबर नव्हती. अम्मा रोज पोस्टात जाऊन बसायची. पोस्टमन तिला चहा द्यायचा, कारण पत्र द्यायला नसायचं. मग भाऊ आला, वाळवंटातून, जॉर्डनमार्गे, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्याची हत्यारं तिथेच राहिली. तो पुन्हा कुवेतला गेलाय. आमच्या गावातली अर्धी माणसं तिकडे आहेत. युद्ध बरोबर की चूक मला सांगता येत नाही. मला एवढंच वाटतं, जे भांडतायत त्यांच्यातल्या कुणालाच अम्मासारखं पोस्टात बसावं लागणार नाही.”

बाई म्हणाल्या, “हे लिही. जसं बोललीस तसंच. माझ्या नावाने नाही. खाली लिही, ही माझी मैत्रीण.”

मी लिहिलं. जॉब कार्डं सोडली तर इंग्रजीत मी स्वतःहून लिहिलेलं ते पहिलंच. स्पेलिंग तीनदा तपासलं. मग बटण दाबलं.

आठवडाभर फोन घेताना माझं लक्ष नव्हतं. शुक्रवारी धावतच गेले. खवचट माणसाने काही लिहिलं नव्हतं. पण उत्तर इंग्लंडमधल्या एका बाईचं होतं. तिने लिहिलं होतं, की तिचा मुलगा सैन्यात आहे, तो परवाच कुवेतला निघाला. ती युद्धाच्या बाजूने बोलत आली, कारण विरोधात बोललं तर मुलाचा अपमान होईल असं वाटतं. ‘तुमच्या आईला सांगा, मी पोस्टात बसत नाही, पण दाराला पत्रं टाकायची फट आहे, तिच्यासमोर बसते.’

मी ते बाईंना वाचून दाखवलं. मग आत जाऊन पाणी प्याले.

युद्ध झालंच. आमच्या मतांना कोण विचारतो. भाऊ सुखरूप राहिला. त्या बाईचा मुलगाही परतला, तिने तसं कळवलं. अम्माला मी हे पत्रातून लिहिलं, तेव्हा तिने उलट विचारलं होतं, त्या बाईला मुलगा एकच का? मी ते विचारून कळवलं, दोन आहेत म्हणून. अम्माला बरं वाटलं.

त्यानंतर वर्षाभरात बाईंचे डोळे फारच गेले. एकटीने राहणं शक्य नव्हतं. इंग्लंडमध्ये समुद्राकाठच्या गावात त्यांची बहीण राहायची, तिच्याकडे जायचं ठरलं. सामान विकायला काढलं, तेव्हा यादी मीच टाईप केली. निघायच्या दिवशी नवऱ्याने गोदामाची पिकअप मागून आणली आणि आम्ही तिघंही त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेलो. नवरा आणि बाई पहिल्यांदाच भेटत होते. तो लाजून बॅगाच उचलत राहिला. बाईंनी त्याच्या कानाकडे बघून सांगितलं, “तुझी बायको फार चांगली वाचते.” तो म्हणाला, “येस मॅडम. आय नो.” मला अजून आठवतं, त्याने ‘आय नो’ म्हटलेलं.

तिकडे गेल्यावर बहिणीची मुलगी त्यांचे ई-मेल लिहून द्यायची. मी ऑफिसातून उत्तरं द्यायची. त्यात इंग्लंडच्या पावसाबद्दल, बसबद्दल, बहिणीच्या बोलणाऱ्या घड्याळाबद्दल मतं असायची. ते घड्याळ दर तासाला बोलतं, म्हणून बाईंनी त्याला उशीखाली कोंडलं होतं.

दुसऱ्या वर्षी ईदच्या सकाळी घरचा फोन वाजला. मी शीरखुर्मा ढवळत होते, फोन मुलीने घेतला. “इट्स फॉर यू, मम्मा,” म्हणाली, पण रिसीव्हर काही दिला नाही. पलीकडून बाईंनी तिला विचारलं होतं, शाळेत गणवेश असावा की नसावा, तुझं काय मत? आणि पोरगी खुर्चीवर चढून, पाय हलवत, नव्या कपड्यांत, आपलं मत सांगत बसली होती. हातात डाव घेऊन मी शेजारी उभी राहिले. गॅस बारीक केला. तिचं बोलून होईपर्यंत वाट बघितली.